डोस वाढवण्याआधी पोट चाचपून बघा

तुम्ही लिहिलेलं वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. आठ महिन्यांत इन्सुलिनचा रात्रीचा डोस १४ वरून ३२ युनिटवर गेला, तरी एका सकाळी रक्तातली साखर २६० आणि दुसऱ्या सकाळी तेच जेवून, तेवढंच टोचून ६५. वर घरचे म्हणतात, "तू चोरून गोड खातोस." अहो, ही माझीच जुनी वही आहे! मला मधुमेह होऊन एकोणीस वर्षं झाली, त्यातली शेवटची तेरा इन्सुलिनवर. त्या तेरातली पहिली दोन अगदी अशीच गेली.

पथ्य, चालणं, झोप यावर मी एक ओळही लिहिणार नाही. ते तुम्हाला पाठ असणार, आणि ते सांगायला अख्खं जग टपलेलं असतं. माझा एकच प्रश्न आहे: टोचता कुठे? "पोटावर" हे उत्तर नको. पोटावर नेमकं कुठे, आणि काल कुठे टोचलं होतं?

माझी एक लाडकी जागा होती. बेंबीच्या डावीकडे, चार बोटांवर. तिथे सुई गेलेली कळायचीसुद्धा नाही. मला वाटायचं, हात बसला. खरं कारण वेगळंच होतं. एकाच जागी पुन्हा पुन्हा टोचलं की त्वचेखालची चरबी वाढून तिथे रबरासारखी गादी तयार होते. सुईची रोजची इजा हे एक कारण, आणि इन्सुलिन स्वतःच चरबीच्या पेशींना वाढवतं, हे दुसरं. लायपोहायपरट्रॉफी असं त्याचं जिभेला गाठ मारणारं नाव आहे. तिथे दुखत कमी, म्हणून आपण तिथेच टोचतो. तिथेच टोचतो, म्हणून गादी वाढते. आणि त्या गादीत गेलेलं इन्सुलिन रक्तात कधी उतरेल याचा नेम नाही. कधी उशिरा, कधी अर्धवट, कधी बऱ्यापैकी. वहीत मग २६० आणि ६५ शेजारी शेजारी बसतात आणि माणूस स्वतःवरच संशय घ्यायला लागतो.

हे काही क्वचित होणारं नाही. २०१३ साली स्पेनमधल्या ४३० इन्सुलिन घेणाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली, त्यात जवळपास दोन तृतीयांश लोकांना अशा गाद्या सापडल्या. ज्यांना त्या होत्या, त्यांच्यातले जवळजवळ सगळेच जागा बदलत नव्हते किंवा चुकीच्या पद्धतीने बदलत होते.

आता माझं रडगाणं. मी जिथे दाखवत होते ते ठिकाण चांगलं गजबजलेलं होतं. नाव लिहीत नाही, लिहून आता काही उपयोगही नाही. दर तीन महिन्यांनी जायचं, रिपोर्ट टेबलावर ठेवायचा, "पथ्य नीट पाळत नाही तुम्ही" ऐकायचं, आणि कागदावर तीन-चार युनिट वाढवून बाहेर पडायचं. दोन वर्षं, आठ भेटी. मी वही न्यायचे, रोजचे आकडे लिहिलेली. ती एकदाही उघडली गेली नाही. सगळं बोलणं एचबीएवनसीवर, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणाऱ्या रक्तचाचणीवर. ती तर सरासरी! २६० आणि ६५ ची सरासरी १६० च्या आसपास येते. म्हणजे कागदावर सव्वासात, आणि इकडे माणूस एक दिवस डोंगरावर, एक दिवस दरीत. दोन वर्षांत माझा रात्रीचा डोस ३८ वर पोचला, पण "पोट दाखवा" असं कोणी म्हटलं नाही.

म्हटलं ते एका बदली सिस्टरने. नेहमीच्या रजेवर होत्या म्हणून ही आली होती. वजन घेता घेता म्हणाली, "ताई, टोचता कुठे ते दाखवा बरं." बोटांना जेल लावून तिने पोटावरून हात फिरवला आणि माझा हात धरून त्या जागेवर ठेवला. लिंबाएवढं काहीतरी घट्ट हाताला लागलं. मी घाबरलेच. गाठ म्हटल्यावर मनात जे येतं तेच आलं. ती म्हणाली, तसलं काही नाही, पण इथे आता टोचायचं नाही, नव्या जागी टोचा. "आणि डोसचं डॉक्टरांना विचारूनच जा हं, कमी करावा लागेल."

डॉक्टर निघून गेले होते. खिडकीवर विचारलं, तर उत्तर मिळालं, "डोसचं फोनवर सांगत नाही. तीन आठवड्यांनंतरची वेळ देते." मी म्हटलं, आज रात्री किती घेऊ एवढंच विचारायचंय. "कागदावर लिहिलंय तेवढंच घ्या."

कागदावर ३८ लिहिलं होतं. रात्री उजव्या बाजूला, कोऱ्या जागेवर मी ३८ घेतलं.

तुम्हाला हेच सांगायला एवढं लिहितेय. ते ३८ युनिट त्या गादीसाठी वाढवत नेलेले होते. निरोगी जागेतून ते पुरेपूर रक्तात उतरले. पहाटे अडीचला नवऱ्याला जाग आली ती माझ्या बडबडीने. अंगावरचे कपडे घामाने भिजलेले, आणि मी त्याच्याशी कपाटाच्या किल्लीवरून भांडत होते म्हणे. मला त्यातलं काही आठवत नाही. त्याने मीटर लावलं, ४१. गिळता येत होतं म्हणून तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायला लावली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, पुन्हा दिली. साखर वर आली. पण त्यानंतर तीन महिने मी झोपायला घाबरत होते, आणि भीतीने मुद्दाम साखर चढी ठेवत होते. खरं नुकसान त्या तीन महिन्यांनी केलं.

तेव्हा आज चाचपून गाठ लागलीच, तर उत्साहात आज रात्री नव्या जागी पूर्ण ३२ घेऊ नका. आधी डॉक्टरांशी बोला. खिडकीवरच्या माणसाने अडवलं तर तिथेच उभे राहा, चिठ्ठी लिहून आत पाठवा, नाहीतर दुसरे डॉक्टर गाठा. किती कमी करायचं ते मी सांगणार नाही. मी डॉक्टर नाही, आणि माझा आकडा तुमचा नव्हे. माझा डोस पुढे २४ वर स्थिरावला, एवढं फक्त कळावं म्हणून लिहिते. आणि हो, स्वतःच्या मनाने इन्सुलिन बंदही करू नका.

चाचपायचं कसं? आंघोळीच्या वेळी, साबणाच्या हाताने, उभं राहून. बोटं सपाट ठेवून हळू फिरवा. डोळ्यांना दिसेलच असं नाही, हाताला मात्र फरक कळतो. निरोगी कातडी चिमटीत पातळ येते, गादीची घडी जाड येते. मांड्याही बघा. सापडलेल्या जागेभोवती पेनाने गोल काढा आणि तिथे काही महिने अजिबात टोचू नका. माझी ओसरायला सहा-सात महिने लागले, थोडी अजून आहेच. जागा बदलायची म्हणजे पोटाचे चार भाग करायचे, आठवडाभर एक भाग, आणि प्रत्येक टोचणीत निदान एका बोटाचं अंतर. मी सुरुवातीला बाथरूमच्या आरशावर कागद चिकटवला होता. मोबाइलवरची ॲप मला काही जमली नाहीत. कुणाला जमत असतील तर उत्तम.

सगळं खापर गाठीवर फोडायचं नाही. तुमचं इन्सुलिन दुधासारखं गढूळ असेल, तर ते टोचण्याआधी नीट एकजीव होतं का? तळहातांमध्ये दहा वेळा फिरवायचं, दहा वेळा हळू उलटंसुलटं करायचं. खसाखसा हलवायचं नाही. हे नाही केलं तर एक दिवस पातळ, एक दिवस दाट, आणि आकडे पुन्हा वेडेवाकडे. फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याला टेकून ठेवता का? एकदा गोठलेलं इन्सुलिन फेकायचंच, मग ते दिसायला कितीही चांगलं असो. उघडलेली बाटली किंवा इन्सुलिनचं पेन बहुतेक प्रकारांत चार आठवडे चालतं. उघडल्याची तारीख तिच्यावरच लिहा.

पेन असेल तर आधी दोन युनिट हवेत सोडून बघा, आणि टोचल्यावर दहा आकडे मोजूनच सुई बाहेर काढा. मीटरला फार बोल लावू नका. चांगलं मीटरसुद्धा पंधरा टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे दाखवतं, म्हणून १८० आणि २०० मध्ये डोकं घालू नये. पण २६० आणि ६५ हा मीटरचा घोळ नाही. मात्र बोटाला फळाचा रस लागलेला असेल तर आकडा खोटा चढतो. हात धुऊन, पुसून मगच टोचा. त्यावरून आमच्या घरी एकदा मोठा तमाशा झालाय, तो पुन्हा कधीतरी.

राहिले घरचे. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांचा हात तुमच्या पोटावर ठेवा. माझ्या सासूबाई दोन वर्षं डबे मोजत होत्या. त्यांनी एकदा ती गादी चाचपली आणि त्यानंतर डब्यांचा विषय निघाला नाही. दुसरं म्हणजे, साखर खाली गेली तर काय करायचं ते त्यांना आजच शिकवून ठेवा. ७० च्या खाली गेली की पंधरा ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. चॉकलेट नको, त्यातली चरबी साखरेला उशीर करते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. ग्लुकागॉन, म्हणजे साखर वर चढवणारं औषध, घरात असेल आणि देता येत असेल तर द्यावं, आणि लगेच ॲम्ब्युलन्स बोलवावी.

आज झोपण्याआधी एकदा तपासा आणि उशाशी ग्लुकोज ठेवा. चाचपून काय लागलं ते कळवा, आणि इन्सुलिन गढूळ आहे की पाण्यासारखं तेही. सुई दर वेळी नवी घेता की तीच आठवडाभर चालवता, हे तुम्ही लिहिलेलं नाही. खरं सांगा, मी ओरडणार नाही. मी एक सुई महिनाभर वापरलेली आहे.