'मूल काही खातच नाही'

पालकांची ही तक्रार माझ्याकडे सर्वाधिक येते. चार वर्षांच्या एका मुलीची आई हीच काळजी घेऊन आली होती (ओळख पटेल असे तपशील येथे बदलले आहेत). एकेका जेवणाला तासभर लागत असे, मोबाइल समोर धरल्याखेरीज मुलगी तोंड उघडत नसे आणि शेवटचे घास चॉकलेटचे आमिष दाखवून भरवावे लागत. वजन व उंची वयानुसार योग्य असल्याचे बालरोगतज्ज्ञांनी सांगूनही आईच्या जिवाला स्वस्थता नव्हती.

पहिल्या वर्षात बाळाचे वजन जन्मवेळच्या सुमारे तिप्पट होते, पण दोन ते पाच या वयात ते वर्षाला साधारण २ किलोनेच वाढते. वाढ मंदावली की भूकही कमी होते आणि नेमके याच वयात अनोळखी पदार्थ नाकारण्याची वृत्ती बळावते. मुलीच्या पोटात दिवसभरात जे जे जाते ते आईला लिहून आणायला सांगितले, तेव्हा 'जेवली नाही म्हणून' मधल्या वेळेत दिलेले दूध आणि बिस्किटे यांनीच कागद भरला होता. भूक लागायला तिला उसंतच मिळत नव्हती.

काय, केव्हा आणि कुठे वाढायचे हे पालकांनी ठरवावे. खायचे की नाही आणि किती, हे मुलावर सोडावे, असे आम्ही ठरवले. पुढच्या भेटीत मुलीने डब्यातली गाजराची फोड उचलली, हुंगली, जिभेला लावली आणि परत ठेवली. आईचा हात ती फोड तिच्या तोंडात घालायला पुढे सरसावला, तेव्हा मी खुणेने थांबवले. चाखून परत ठेवणे हा नकार नव्हे, ती ओळख आहे. नवा पदार्थ अंगवळणी पडायला तो अनेकदा आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा समोर यावा लागतो. शिवाय भाजीच्या बदल्यात चॉकलेट दिले की भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस, असेच मूल शिकते.

"खेळाचा क्लास लावू का?" असे आईने विचारले. त्याची गरज नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार तीन-चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल व्हावी, त्यातील ६० मिनिटे दमवणारी असावीत आणि पडद्यासमोरचा बैठा वेळ तासाभराहून अधिक नसावा. संध्याकाळच्या मोबाइलऐवजी वडील तिच्याबरोबर पळापळी आणि चेंडू खेळू लागले. काही आठवड्यांनी रात्रीचे जेवण अर्ध्या तासात आटोपू लागले. पालेभाजी ती अजूनही बाजूला सारते, पण त्यावरून घरात आता वाद होत नाहीत.

मात्र वजन वाढायचे थांबले असेल, गिळताना वारंवार ठसका लागत असेल किंवा मूल मोजक्याच पदार्थांवर अडून एकेक पदार्थ सोडत चालले असेल, तर घरच्या घरी प्रयोग करत न बसता आधी डॉक्टरांना दाखवावे.