गोठ्यात कांदा साठवताना

प्रश्न : निफाड तालुक्यात आमचा ४० फूट लांब, १६ फूट रुंद जुना गोठा आहे. सागाचे खांब, वर कौलं, तिन्ही बाजूंनी दगड-मातीच्या भिंती. बैल गेल्यापासून रिकामाच. गेल्या वर्षी उन्हाळ कांदा त्यात जमिनीवर ओतला. ऑगस्टपर्यंत निम्मा सडला. पाडून नवी कांदाचाळ बांधावी का?

उत्तर : पाडू नका. कौलांखाली कांदा पत्र्याइतका उकडत नाही, तेव्हा छप्पर राहू द्या. खोट भुईत आहे. वर्षानुवर्षं जनावरांचं मूत्र मुरून मातीत क्षार साठलेत आणि ते पावसाळी हवेतला ओलावा ओढतात. मे महिन्यात खडखडीत दिसणारी जमीन जुलैत पाझरल्यासारखी होते. गव्हाण काढा, फूटभर माती उकरून शेतात पसरा आणि मुरूम भरून चोपून घ्या.

मग तुळया कशावर टेकल्यात ते पाहा. खांबांवर असतील तर लांब बाजूची भिंत जोत्यापर्यंत उतरवा. भिंतीवर असतील तर गवंड्याला दाखवल्याशिवाय एक दगडही हलवू नका. खांबांच्या बुडाशी सळई टोचा. सहज घुसली तर वाळवीने पोखरलंय. आधी तुळईला टेकू, मगच कुजका भाग कापून खाली दगडी बैठक.

आत दोन्ही कडांना दीड-दीड फूट सोडून ४ फुटी दोन कप्पे, मध्ये ५ फूट वाट. कप्प्यांचा तळ जमिनीपासून दोन फूट उंच, बांबूच्या कामट्यांचा, फटी ठेवून. रुंदी वाढवलीत तर मधल्या कांद्याला वारा लागत नाही. थर ४ फुटांचाच ठेवा, जास्त केलात तर तळचा दबतो. एवढ्यात साधारण २०० क्विंटल बसेल. कांदा पात वाळवून, इंचभर मान ठेवून कापलेला, सावलीत सुकवलेलाच भरा.

झडीसाठी ताडपत्री बांधाल, ती पाऊस उघडताच वर गुंडाळा. आठवडाभर खालीच राहिली की कांद्याला घाम सुटतो, आणि बरेच जण दोष बियाण्याला देतात!

प्रश्न : दिंडोरीजवळ द्राक्षाच्या औषधांची जुनी खोली आहे. तिथे बेदाणा ठेवू का?

उत्तर : नाही. सांडलेली औषधं मातीच्या भुईत आणि गिलाव्यात मुरलेली असतात, चुन्याचा हात मारून ती जात नाहीत. शिवाय बेदाणा वास चटकन धरतो. त्या खोलीत पाइप, ठिबकच्या नळ्या ठेवा.