स्पोर्ट्स कारचा सायलेन्सर घरी बदलता येतो का? गॅरेजवाले म्हणतात लिफ्टशिवाय शक्यच नाही. आवाजही जरा भारी हवाय, कोणता लावू?

येतो. मी बदललाय. सोलापुरात, विजापूर रोडवरच्या आमच्या घराच्या पोर्चमध्ये, ऐन मे महिन्यात. "लिफ्टशिवाय शक्यच नाही" हे वाचलं आणि डोक्यात तिडीक गेली, कारण हेच वाक्य मी कितीतरी वर्षं आमच्या साडूंच्या तोंडून ऐकत आलोय. म्हणून सविस्तर लिहितो.

माझी गाडी अबार्थ पुन्टो. १.४ लिटरचं टर्बो इंजिन, १४५ बीएचपी. २०१५ मध्ये भारतात आली, बनली आपल्या रांजणगावात. हिला स्पोर्ट्स कार म्हणायचं की नाही यावर ज्यांना वाद घालायचाय त्यांनी घालावा. सायलेन्सरच्या बाबतीत तर या नावाला मान आहेच. कार्लो अबार्थने १९४९ मध्ये कंपनी काढली ती रेसिंगच्या वेडापायी, पण तिचं पोट भरलं ते छोट्या फियाट गाड्यांना लावायचे एक्झॉस्ट विकून. मला हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं. मी ज्या कामात हात काळे करत होतो, त्याच कामावर हे नाव उभं राहिलंय.

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये गाडी पोर्चमध्ये उभी होती. बॅटरी उतरू नये म्हणून मी दर रविवारी पाच-सात मिनिटं चालू करून बंद करायचो. सायलेन्सरसाठी यापेक्षा वाईट दुसरं काही नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभरच पाणी वाफ होऊन एक्झॉस्टमधून जातं. गाडी वीस-पंचवीस मिनिटं पळाली तर सायलेन्सरचा डबा तापतो आणि ती वाफ निघून जाते. पाच मिनिटांत डबा तापतच नाही, वाफेचं पाणी आतच साठतं, आणि ते पाणी आम्ल धरतं. त्यामुळे सायलेन्सर बाहेरून चकचकीत दिसतो आणि आतून सडतो. कंपनीने याची सोय केलेली असते. बऱ्याच सायलेन्सरांना तळाशी मुद्दाम एक बारीक भोक ठेवलेलं असतं, पाणी गळून जावं म्हणून. हे भोक लक्षात ठेवा, पुढे त्याचीच गोष्ट आहे.

२०२१ मध्ये गाडी घरघर करायला लागली. साडू पुण्यात असतात. "सोलापुरात ही कामं कोण करणार? इकडे आण, माझ्या ओळखीचं गॅरेज आहे," म्हणाले. बायकोनेही दुजोरा दिला. नेली. त्या गॅरेजात लिफ्ट होती, एसी वेटिंग रूम होती, कॉफी मिळाली. काम करणाऱ्या पोराने गंजलेल्या नटावर तेलाचा थेंबही न टाकता सरळ हवेची गन लावली. स्टड, म्हणजे नट बसतो तो आटेवाला दांडा, मोडला. मोडलेल्या स्टडच्या जागी बोल्ट घालून वेल्डिंग मारलं. सायलेन्सरच्या तड्यावर पत्रा डकवला. आणि जाता जाता तळाचं ते बारीक भोक "लीकेज आहे" म्हणून वेल्डिंगने बुजवून टाकलं. बिल साडेनऊ हजार. वर सल्ला दिला की पुढच्या वेळी पूर्ण सिस्टीमच बदला, पासष्ट हजार होतील.

आठ महिन्यांत डबा खालून फाटला. भोक बुजवल्यावर पाणी जाणार कुठे?

हे मी मेव्हणीच्या मुलाच्या मुंजीत साडूंना सांगितलं, तर चारचौघांत मला म्हणाले, "जुनी गाडी घेतलीत, आता खर्चाला रडू नका." मी म्हणालो, पुढचं काम मी घरी करीन. ते हसले. तेव्हापासूनचा हा वाद आहे.

आमचे आप्पा लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये फिटर होते. गिरणी बंद पडली तेव्हा घरात उरली ती त्यांची पान्यांची पेटी. मी हे काम केलं त्या वर्षी आप्पा ७८ वर्षांचे होते, गुडघे गेलेले. पोर्चमध्ये प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचे आणि मी गाडीखालून जे दिसेल ते ओरडून सांगायचो.

पहिला नियम त्यांनी घातला तो आधाराचा. शेजारचा पोरगा उत्साहाने सिमेंटचे ब्लॉक घेऊन आला होता. आप्पांनी ते फाटकाबाहेर ठेवायला लावले. वीट असो की ब्लॉक, वजनाखाली दबत नाही, एकदम फुटतो. जॅक फक्त उचलायला. उचलल्यावर गाडी चार घोड्यांवर (जॅक स्टँडवर) ठेवायची, त्याही कंपनीने दाखवलेल्या मजबूत जागांखाली. मग गाडीला दोन्ही हातांनी गदागदा हलवून बघायचं, ती हलली नाही तरच खाली जायचं. काढलेलं चाक चौकटीखाली आडवं सरकवून ठेवायचं, सगळं फसलं तरी छातीवर येणार नाही. तुमची गाडी बुटकी असेल तर ट्रॉली जॅक आत जाणार नाही. आधी चाकं फळ्यांवर चढवा. मी सागवानाच्या जुन्या चौकटीचे तुकडे वापरले.

आता मूळ काम. एक्झॉस्ट बदलणं म्हणजे नव्वद टक्के गंजलेले नट सोडवणं, बाकी लटकवालटकवी. मी तीन दिवस आधीपासून रोज संध्याकाळी गाडी थंड झाल्यावर प्रत्येक नटावर गंज सोडवायचं तेल मारत होतो. गोटी (सॉकेट) सहा कोनांचीच घ्या. बारा कोनांची गोटी गंजलेल्या नटाची टोकं खाते आणि मग काम संपलं समजा.

पहाटे साडेपाचला सुरुवात केली, कारण सोलापुरात मे महिन्यात दहानंतर पोर्चमधली फरशीसुद्धा भाजते. मागचे रबर हँगर साबणाच्या पाण्याने अर्ध्या तासात निघाले (तेल किंवा ग्रीस लावू नका, रबर फुगतं). मग मधल्या जोडाचा एक नट अडला. मी टॉमीला पाइप लावून जोर काढणार तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला, "सोडू नकोस. आधी आवळ की जरा."

मला वाटलं ऐकू आलं नाही त्यांना नीट. पण त्यांचं म्हणणं तेच होतं. अडलेला नट आधी केसभर आवळायचा, म्हणजे गंजाची पकड मोडते. मग केसभर सोडायचा. परत तेल, परत आवळायचा, परत सोडायचा. मध्ये मध्ये नटाच्या बाजूंवर हातोडीने हलके ठोके. गिरणीत साच्याचा (मागाचा) एक स्टड मोडला की सगळं खातं खोळंबायचं, त्यामुळे फिटर घाई करायचाच नाही, असं ते म्हणाले. त्या एका नटाला सव्वातास लागला. स्टड शाबूत निघाला. मी तो नट आप्पांच्या हातावर ठेवला. त्यांनी बनियनला पुसून आटे बघितले आणि म्हणाले, "हा परत वापरू नको. पितळी घाल."

दुसरा जोड म्हणजे त्या गॅरेजने वेल्डिंग मारलेला. तो सुटणारा नव्हताच. तिथे गॅसची ज्योत लावून तापवायचा मोह होतो. तापवू नका. मागचा भाग पेट्रोलच्या टाकीजवळ असतो. मी हेक्सॉने कापला. ग्राइंडरसुद्धा टाळला, ठिणग्या उडतात. ब्लेडचे चार तुकडे झाले, कोपर सोलटलं, पण कापला. बऱ्याच गाड्यांत मागच्या दांड्यावरून (अ‍ॅक्सलवरून) जाणारा पाइप अखंड बाहेर निघत नाहीच, कापूनच काढावा लागतो. तो कुठे कापायचा हे खडूने आधी आखा.

आणि आता "सोलापुरात कोण करणार" याचं उत्तर. मधला पाइप मला नवा करून घ्यायचा होता. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एक आर्गॉन वेल्डिंगवाले आहेत. त्यांचं रोजचं काम म्हणजे सूत रंगवायच्या स्टीलच्या टाक्या. चादरी-टॉवेलचं गाव आहे हे, इथे उकळत्या रंगात वर्षानुवर्षं टिकतील अशा टाक्या जोडणारे हात गल्लोगल्ली आहेत. मी जुना पाइप घेऊन गेलो. त्यांनी आधी चुंबक लावून दाखवलं. जुना पाइप चिकटला, म्हणजे स्वस्त जातीचं स्टील. त्यांच्याकडचं ३०४ जातीचं स्टेनलेस स्टील चिकटलं नाही. जोडताना पाइपच्या आतूनही आर्गॉन वायू सोडला, म्हणजे आतल्या बाजूने टाका जळत नाही. त्या पुण्याच्या गॅरेजात हे कुणी केलं असतं, यावर माझा विश्वास नाही. बाहेर निघताना ते तेलुगूत आपल्या मुलाला काहीतरी म्हणाले आणि मुलाने पाइपचं तोंड कापडाने बांधून दिलं, कचरा जाऊ नये म्हणून. इतकी काळजी!

परत लावताना सगळे क्लॅम्प आधी सैल ठेवा. पूर्ण सिस्टीम रबरांवर लटकवा, हाताने हलवून कुठे अंगाला लागत नाही ना ते बघा, आणि मग इंजिनाकडून मागे एकेक आवळत या. बंपरच्या कटपासून बोटभर तरी जागा हवी, तापल्यावर पाइप लांबतो. गॅस्केट नवीच घालायची, जुनी चांगली दिसली तरी. सेन्सरची वायर ताणू नका, आणि वेल्डिंग करायचंच असेल तर पाइप गाडीवरून उतरवून करा. तपासायला गाडी थंड असताना चालू करून जोडांवर साबणाचं पाणी मारा, बुडबुडे आले की तिथे गळती. मग आम्ही दोघं तुळजापूरला जाऊन आलो, म्हणजे नव्वद किलोमीटर झाले, आणि थंड झाल्यावर सगळे नट परत आवळले. दोन नट पाव फेरा आत गेले. ही दुसरी आवळणी कुणी सांगत नाही आणि इथेच लोकांचे जोड फुसफुसतात.

एकूण खर्च चौदा हजार, मागच्या नव्या डब्यासकट. तळाला भोक असलेला डबा.

आवाजाबद्दल विचारलंत. कोणता ब्रँड लावू याचं उत्तर माझ्याकडे नाही, तुम्ही गाडी कुठली ते लिहिलंच नाही. पण एक सांगतो, मोठा आवाज म्हणजे पॉवर नाही. साडूंनी त्यांच्या सेडानचा मागचा डबा काढून सरळ पाइप टाकला होता आणि "पिकअप वाढला" म्हणत फिरायचे. टर्बो नसलेल्या इंजिनाला धूर एका ठरावीक वेगाने ओढून नेणारा पाइप लागतो. पाइप फाजील जाड केला की खालच्या आरपीएमला गाडी उलट मंद होते. टर्बोच्या गाडीला मोकळ्या पाइपचा थोडा फायदा असतो हे खरं, पण तो मागच्या डब्यात फारसा नसतो. मला माझ्या गाडीचा आवाज खर्जातला हवा होता, फाटका नको होता. तसा मिळाला, कारण मधला रेझोनेटर, म्हणजे घुमणारा आवाज दाबणारा डबा, मी ठेवला. तो काढलात तर हायवेला दोन-अडीच हजार आरपीएमवर कानात जो घुमणारा आवाज बसतो, त्याने घरचे तुमच्यासोबत प्रवास सोडतील.

कायद्याचंही बघा. ध्वनिप्रदूषणासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन महिने लायसन्स निलंबित, इतकं होऊ शकतं. आपल्या राज्यात पोलिसांनी जप्त सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवलेत. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (थोडक्यात कॅट, धूर साफ करणारा भाग) तर काढूच नका. पीयूसी होणार नाही, आणि धुराचा वास सगळ्या गल्लीने का घ्यायचा?

आता जे आधीच सांगायला हवं होतं ते. हे सगळं मी कॅटच्या मागच्या भागाबद्दल लिहिलंय. गळती पुढे असेल, टर्बोजवळ किंवा इंजिनाच्या तोंडाशी, तर तिथे हात घालू नका. तिथले स्टड मोडले तर इंजिनाचं हेड उतरवावं लागतं, आणि त्या कामाला खरंच लिफ्टवाला चांगला माणूस गाठा. बंद शटरच्या पार्किंगमध्ये गाडी चालू करून तपासणी करू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. एकट्याने गाडीखाली जाऊ नका, हाक मारली तर ऐकणारं कुणीतरी घरात हवंच. आणि पहिल्यांदाच करत असाल तर पूर्ण शनिवार-रविवार धरा, सोमवारी ऑफिसला जायला दुसरी सोय ठेवा.

साडू हे वाचत असतील तर, गेल्या दोन पावसाळ्यांत एकही जोड गळलेला नाही. आप्पांनी काढायला लावलेला तो जुना नट पेटीत आहे, दिवाळीला याल तेव्हा दाखवतो.