चवडा दुखतोय? आधी बूट बघा

घाबरू नका. चवड्याचं दुखणं बहुतेकदा ऑपरेशनशिवाय बरं होतं, पण काही आठवडे धीर धरावा लागतो.

आधी बूट तपासा. पुढे निमुळते किंवा उंच टाचेचे असतील तर बाजूला ठेवा. आत बोटं मोकळी हलली पाहिजेत. घरातही फरशीवर अनवाणी नको.

नव्या माणसाची हमखास चूक होते ती पॅड लावताना. मेटाटार्सल पॅड, म्हणजे चवड्याला आधार देणारी छोटी मऊ गादी, दुखऱ्या जागेखाली नाही, तिच्या जरा मागे, टाचेच्या दिशेने चिकटवायचं. तरच हाडांच्या टोकांवरचा भार हलका होतो. महागड्या इनसोलच्या मागे आत्ताच लागू नका. पोटऱ्या रोज ताणा, पळणं तूर्त बंद.

बोटांत मुंग्या, पावलावर सूज किंवा मधुमेह असेल, तर थेट ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा.