वाचकांचे प्रश्न : रॅम सहा जीबीची, कामाला येते सव्वातीन

प्रश्न : नागपूरच्या महाल भागात आमचं डीटीपी आणि लग्नपत्रिकांचं दुकान आहे. सीपीयू जुना : जी४१ मदरबोर्ड, पेंटियम ड्युअल कोअर, विंडोज ७, ३२ बिट. दोन जीबी रॅम होती. पेजमेकर आणि कोरल एकत्र उघडले की अडकायचं, म्हणून सीताबर्डीवरून चार जीबी आणखी घेतली. आता ‘६.०० जीबी (३.२५ जीबी यूजेबल)’, म्हणजे वापरता येणारी सव्वातीनच, असं दिसतं. दुकानदार म्हणतो, बोर्ड गेला. विंडोज १० टाकावं का? मराठी टायपिंगचं यूएसबी लॉक (ते लावल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही) आणि कॅननचा एलबीपी २९०० लेझर प्रिंटर चालायलाच हवा.

उत्तर : बोर्ड ठणठणीत आहे, त्यावर पैसे घालू नका. ३२ बिट विंडोजकडे मेमरीचे पत्ते मोजून ४ जीबीचेच असतात. त्यातले वरचे पत्ते ग्राफिक्स, नेटवर्क, साउंड यांना द्यावे लागतात. उरतात सव्वातीन-साडेतीन जीबी. त्यावर कितीही रॅम लावा, ती पडूनच राहणार. उलट तुमची रॅम या बोर्डाने ओळखली हेच विशेष. जी४१ ला चार जीबीची डीडीआर३ रॅम सोळा चिपांची लागते. हल्लीची आठ चिपांची लावली की स्क्रीनच येत नाही, आणि मग खरोखरच बोर्डावर खापर फुटतं.

पूर्ण सहा जीबी हवी तर ६४ बिट विंडोज. तुमचा प्रोसेसर ६४ बिटचा आहे, त्यामुळे तिथे अडचण नाही. अडचण ड्रायव्हरची, म्हणजे प्रिंटर, लॉक वगैरे विंडोजला ओळखून देणाऱ्या सॉफ्टवेअरची. ६४ बिट विंडोजवर ३२ बिटचे प्रोग्राम चालतात, ३२ बिटचे ड्रायव्हर मात्र अजिबात चालत नाहीत. म्हणून फॉरमॅट मारण्याआधी लॉक कोणाचं आहे ते बघा आणि टायपिंगचं सॉफ्टवेअर ज्यांच्याकडून घेतलं त्यांना एकच प्रश्न विचारा : या लॉकचा ६४ बिट ड्रायव्हर आहे का? ‘आहे’ असं म्हणाले तर तो आधी पेनड्राइव्हवर घ्या. ‘नाही’ म्हणाले तर विषय संपला. विंडोज ७, ३२ बिट तशीच ठेवा आणि नवी रॅम परत करा. विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० नंतर सुरक्षा अपडेट नाहीत, तेव्हा त्या सीपीयूची नेटची वायर काढून ठेवा. ग्राहकांचे पेनड्राइव्ह लावण्याआधी दुसऱ्या मशीनवर तपासा. डीटीपीच्या दुकानात व्हायरस बहुतेक त्याच वाटेने येतो.

लॉकचा प्रश्न सुटला असेल तर पुढचं सोपं आहे. ३२ वरून ६४ वर अपग्रेड होत नाही, सी ड्राइव्ह साफ करूनच टाकावं लागतं. फाँट, कोरलचे टेम्प्लेट आणि डेस्कटॉपवरच्या फाइली आधी काढून घ्या (डेस्कटॉप सी ड्राइव्हवरच असतो, हे ऐनवेळी आठवत नाही). एलबीपी २९०० चा ६४ बिट ड्रायव्हर कॅननच्या साइटवर मिळतो. सेटअप सांगेपर्यंत प्रिंटरची केबल लावू नका. लॉकचंही तसंच : आधी ड्रायव्हर, मग लॉक.

विंडोज १० साठी जी४१ च्या ग्राफिक्सचा वेगळा ड्रायव्हर इंटेलने काढलेला नाही. विंडोज अपडेटमधून जुनाच येतो. तो येईपर्यंत स्क्रीन १०२४ × ७६८ वर अडकलेली दिसेल. नेट लावून एकदा अपडेट होऊ द्या. ड्रायव्हरवर डिजिटल सही नसेल तर विंडोज तो नाकारते. ती तपासणी स्टार्टअप सेटिंगमधून बंद करता येते, पण पुढच्या रीस्टार्टपर्यंतच. रोजच्या कामासाठी हा मार्ग नाही. ६४ बिटवरही रॅम कमी दिसली तर एमएसकॉन्फिग (स्टार्टमध्ये msconfig टाइप करा) च्या बूट टॅबमध्ये, ॲडव्हान्स्डमध्ये ‘मॅक्झिमम मेमरी’वर टिक राहिली आहे का बघा. मग बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) ‘मेमरी रीमॅप’ चालू करा.

अपेक्षा मात्र बेताची ठेवा. पेजमेकर ३२ बिटचाच, तुमचं जुनं कोरलही बहुधा तसंच. असा प्रोग्राम एकट्याने साधारण दोन जीबीच्या पुढे जात नाही. फायदा होईल तो दोन्ही एकत्र उघडताना. विंडोज ११ चा विचार या मशीनवर करूच नका. तिच्या २४एच२ आवृत्तीला लागणाऱ्या काही सूचना या प्रोसेसरलाच कळत नाहीत, ती सुरूच होणार नाही.

प्रश्न : कळमना मार्केटमध्ये अडतीचं काम आहे. हिशेब डॉसमधल्या फॉक्सप्रोवर. विंडोज ११ चा नवा कॉम्प्युटर घेतला, त्यावर प्रोग्राम उघडतच नाही.

उत्तर : उघडणारही नाही. डॉसचे प्रोग्राम चालवणारा भाग फक्त ३२ बिट विंडोजमध्ये असतो, आणि विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्ती निघालेलीच नाही. नव्या कॉम्प्युटरमध्ये ८ जीबी रॅम असेल तर व्हर्च्युअलबॉक्स (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) टाका, त्यात ३२ बिट विंडोज १० ला २ जीबी द्या आणि ‘विंडोज फीचर्स’मधून एनटीव्हीडीएम, म्हणजे डॉस चालवणारा तोच भाग, चालू करा. डॉसची नक्कल करणारा डॉसबॉक्सही आहे, पण तो खेळांसाठी बनला; रोजची बिलं आणि पावत्या त्याच्या भरवशावर सोडू नये.

फाइली जास्त उघडल्या म्हणून प्रोग्राम अडला तर सिस्टम३२ फोल्डरमधल्या कॉन्फिग.एनटी फाइलमध्ये ‘फाइल्स’चा ४० हा आकडा १०० च्या आसपास न्या. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर यूएसबीचा असेल तर तो व्हर्च्युअल मशीनला जोडा, शेअर करा आणि ‘नेट यूज’ आज्ञेने त्याला एलपीटी१ चं (जुन्या प्रिंटर पोर्टचं) नाव द्या. फॉक्सप्रोला तेवढंच कळतं. एलबीपी २९०० सारख्या लेझरवर मात्र डॉसमधून असं छापता येत नाही.

प्रश्न : सातव्या पिढीचा आय५ लॅपटॉप, ४ जीबी रॅम. विंडोज ११ टाकू का?

उत्तर : मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलचे प्रोसेसर, मोजके अपवाद सोडता, आठव्या पिढीपासूनच आहेत. तपासणी चुकवून टाकता येते, पण दरवर्षीची नवी आवृत्ती आपोआप येत नाही, पुन्हा तीच खटपट. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी नोंदणी केल्यास सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. त्यानंतर लिनक्स मिंट, नाहीतर नवा लॅपटॉप. तोवर हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवा, फरक तिथेच जाणवेल. रॅम घेण्याआधी टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मेमरी उघडून किती स्लॉट भरलेत ते पाहा. काही लॅपटॉपांत ४ जीबी बोर्डावरच डाग दिलेली असते, आणि सातव्या पिढीत डीडीआर४ सोबत कुठे कुठे डीडीआर३एलही सापडते. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही. जुनी रॅम काढून दुकानात सोबत न्या.