गळाला लागलेला जिताडा सुटतो कसा?

प्रश्न : मी वसईच्या खाडीकाठावरून क्रँकबेट (पुढे जीभ असलेले, माशाच्या आकाराचे कृत्रिम आमिष) वापरून जिताड्याची मासेमारी करतो. मासा चांगली धडक देतो, मीही लगेच जोरात झटका देतो. परंतु बहुतेक वेळा तो पाण्याबाहेर एक उडी मारतो आणि गळ सुटून जातो. अमेरिकेतील बास माशाच्या मासेमारीच्या व्हिडिओंमध्ये पाहून मी कडक काठी आणि ब्रेडेड (विणलेली) दोरी घेतली आहे. नेमके कोठे बिघडते? – एक वाचक, वसई

उत्तर : आपला झटका आणि आपली काठी, दोन्ही क्रँकबेटसाठी गैरलागू आहेत. ज्या व्हिडिओंमध्ये काठी कमरेतून मागे खेचलेली दिसते, त्यांत बहुधा मऊ प्लास्टिकची अळी वापरलेली असते. तिच्या पोटात एकच जाड गळ लपवलेला असतो आणि तो प्लास्टिक फाडून माशाच्या जबड्यात घुसवायचा, तर जोर लावावाच लागतो. क्रँकबेटला मात्र दोन ट्रेबल (तीन टोकांचे) हूक उघडेच लोंबत असतात, त्यांची तार बारीक असते आणि ल्यूर (कृत्रिम आमिष) आधीच वेगाने पुढे सरकत असते; त्यामुळे तोंड मिटून मासा वळला की हूक आपोआप लागतात.

जिताडा काय किंवा अमेरिकेतील लार्जमाउथ बास काय, दोघांची कुळे निराळी असली तरी भक्ष्य टिपण्याची रीत एकच आहे : तोंड एकदम उघडायचे आणि पाण्यासकट भक्ष्य आत ओढून घ्यायचे. कडक काठी आणि जवळजवळ न ताणली जाणारी ब्रेडेड दोरी असेल, तर या क्षणी ल्यूर सहसा पुरती आत जात नाही. फार तर एखादे टोक ओठाच्या कडेच्या पातळ कातडीत अडकते. त्यावर आपण झटका दिला की तेथे मोठे भोक पडते आणि उडी मारून माशाने डोके झाडले की ल्यूरच्याच वजनाने हूक त्या भोकातून बाहेर पडतो. म्हणूनच क्रँकबेटसाठी मधल्या भागापर्यंत वाकणारी, फायबरग्लासची किंवा फायबरग्लास आणि ग्रॅफाइट यांच्या मिश्रणाची काठी पसंत केली जाते. नवी काठी घेणे आज परवडत नसेल, तर निदान ब्रेडेडऐवजी नायलॉनचा तंगूस भरून पाहावा, कारण तो ताणला जातो आणि काठीचा कडकपणा बराचसा पोटात घेतो.

धडक जाणवली की झटका न देता रीळ फिरवत राहावे आणि काठीवर वजन आले की ती पाण्याला समांतर ठेवून एका बाजूला सावकाश वळवावी. शेंडा खाली राहिला की मासा उड्या कमी मारतो, आणि मारलीच तरी दोरी ढिली पडता कामा नये. ड्रॅग, म्हणजे ज्या ताणाला रिळातून दोरी सुटू लागते तो ताण, दोरीच्या ताकदीच्या पाव ते एकतृतीयांश इतका ठेवावा. २० पौंडांच्या दोरीला साधारण ५ ते ६ पौंड, म्हणजे सव्वादोन ते पावणेतीन किलो. हा ताण स्प्रिंगकाटा दोरीला अडकवून मोजावा. नुसत्या हाताच्या अंदाजाने ठेवलेला ड्रॅग चुकू शकतो.

हुकाचे टोक अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवून ओढून पाहावे. ते रुतले तर ठीक, घसरले तर बोथट झाले आहे. खाऱ्या पाण्यात ही धार लवकर जाते, म्हणून घरी आल्यावर ल्यूर गोड्या पाण्याने धुऊन वाळवावी. बासच्या मापाचे मूळ हूक मोठा जिताडा सरळ करून टाकतो, तेव्हा ते बदलून जाड तारेचे लावणे योग्य. मात्र वजन वाढल्याने तरंगणारी ल्यूर बुडू लागते किंवा तिचा डोल मंदावतो, म्हणून नवे हूक लावल्यावर आधी बादलीभर पाण्यात ती तरंगते का ते पाहावे. दोरीच्या टोकाला ४० ते ६० पौंडांचा, हातभर लांबीचा लीडर (ल्यूरच्या आधीचा जाड दोरीचा तुकडा) हवाच. जिताड्याला सुळे नसतात, पण त्याचे तोंड कानशीसारखे खरखरीत असते आणि कल्ल्यावरच्या झाकणाची कड बारीक दोरी सहज कापते.

प्रश्न : मासा जेट्टीखाली दमून आला तरी वर घेताना निसटतो. हाताने धरावा का? – एक वाचक, उत्तन

उत्तर : हाताने मुळीच धरू नये. बासचा खालचा ओठ अंगठ्याने पकडण्याची पद्धत एका गळासाठी ठीक आहे. दोन ट्रेबल हूक लोंबत असताना मासा एकदा तडफडला, तर एक हूक त्याच्या ओठात आणि दुसरा आपल्या तळव्यात, अशी अवस्था होते. कल्ल्यात बोटे घालणे तर त्याहून वाईट, कारण तेथील कड हात चिरते. दोरीने उचलून घेतानाच बहुतेक मासे सुटतात. उंच जेट्टीवर दोराने सोडायचे गोल जाळे सोबत ठेवावे, ते आधीच पाण्यात बुडवून स्थिर धरावे आणि मासा डोक्याकडून त्यात आणावा. जाळे घेऊन माशामागे धावू नये. रबराच्या जाळ्यात हूक कमी गुंततात. हूक पकडीनेच काढावेत आणि त्यांच्या टोकांजवळचे उलटे काटे आधीच दाबून टाकले असतील, तर मासा व माणूस दोघांचीही लवकर सुटका होते. हूक काट्यासकट हातात रुतला, तर तो उपटण्यापेक्षा डॉक्टरांकडे जाणे बरे, आणि धनुर्वाताच्या लसीचेही विचारून घ्यावे.

फार मोठा जिताडा मिळाला, तर तो सोडून द्यावा असे माझे मत आहे. हा मासा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो, त्यामुळे सर्वांत मोठे मासे बहुधा अंडी घालणाऱ्या माद्या असतात. सोडताना पोटाखाली हात देऊन आडवा धरावा, ओठाला उभा लटकवू नये.

प्रश्न : तिवरांच्या मुळांत ल्यूर सारखी अडकते. – एक वाचक, ऐरोली

उत्तर : तरंगणारी क्रँकबेट वापरावी. पुढची जीभ मुळाला टेकल्याचे हाताला कळताच रीळ थांबवून दोरी थोडी सैल सोडावी. ल्यूर मागे सरकत वर येते आणि मग पुन्हा सावकाश ओढता येते. पुष्कळदा धडक याच थांब्यावर बसते, तेव्हा दोरीवरची नजर हलवू नये.