घोडी ट्रेलरमध्ये चढत नाही

प्रश्न : आमची घोडी एरवी गरीब आहे, पण ट्रेलर दिसला की रॅम्पपाशी पाय रोवून उभी राहते. माझी पंधरा वर्षांची मुलगी दोर हाताला गुंडाळून पुढून ओढते, मी मागून ढकलते. परवा घोडीनं लाथ झाडली, थोडक्यात वाचले. मुलगी तेव्हा हेल्मेटही घालत नाही. म्हणते, ‘आता कुठं बसायचंय?’ काय करावं?
– एक आई

उत्तर : ताई, घोडीचं नंतर बघू, आधी मुलीच्या हाताचा तो वेढा सोडवा. चारशे-पाचशे किलोचं जनावर बुजून मागे हटलं की वेढा आवळतो. बोटं तरी जातात, नाहीतर पोर फरफटत जाते. जादा दोराच्या घड्या घालून त्या मुठीत धरायच्या. हिसका बसला की हातातून सुटला पाहिजे.

ढकलणं आजपासून बंद. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. दिसत नाही ते नेमकं शेपटीमागचं आणि कपाळासमोरचं. तुम्ही उभ्या राहता तिथं कोण आहे हे तिला कळतच नाही, मग ती दुगाण्या झाडणारच. शिवाय उजेडातून अंधारात गेल्यावर घोड्याच्या नजरेला सरावायला आपल्यापेक्षा बराच वेळ लागतो. समोर काळोख, टापांखाली पोकळ वाजणारी फळी. याला लोक हट्टीपणा म्हणतात, मला ते पटत नाही. आतला दिवा लावा, पुढचं दार उघडं ठेवा आणि प्रवास नसेल त्या दिवशी सराव करा. एक पाऊल टाकलं की दोर सैल, दोन घास चारा, मागे फिरा. घाई असलेल्या सकाळी कुठलीही घोडी शिकत नाही.

ती चढली की चुकतो तो क्रम. आधी मागचा आडवा दांडा लावायचा, तोही बाजूला उभं राहून, आणि मगच दोर बांधायचा. उतरवताना उलट : आधी दोर सोडायचा, मग दांडा. बांधलेली घोडी मागे सरकली, मागे अडसर नाही आणि मान मात्र अडकली, की ती जिवाच्या आकांतानं उसळते. गाठ सुरगाठच हवी, आणि तीही कडीत थेट न मारता कडीला बांधलेल्या सुतळीच्या फासात. जोर आला की सुतळी तुटते, मान वाचते. माणसासाठीचं छोटं दार उघडं असल्याशिवाय मुलीनं आत जाऊ नये.

दोन घोड्यांच्या ट्रेलरमध्ये एकटीच असेल तर तिला रस्त्याच्या मध्याकडच्या बाजूला उभी करा, कारण रस्ता कडेला उतरता असतो. लांबच्या प्रवासात तीन-चार तासांनी थांबून पाणी द्या, आणि मान खाली घालता येईल असं बघा. मान तासन्‌तास वर बांधलेली राहिली तर श्वासनलिकेतली घाण बाहेर पडत नाही, ती फुप्फुसात उतरते आणि न्यूमोनिया होतो.

राहिलं हेल्मेट. लाथ जमिनीवर उभ्या माणसालाच बसते, हे मुलीला सांगा. पडताना एकदा आपटलेलं हेल्मेट, तडा दिसत नसला तरी, बदलायचं. बसण्यापूर्वी तंग, म्हणजे खोगीर आवळणारा पोटाखालचा पट्टा, पुन्हा तपासायचा, कारण खोगीर कसताना बरेच घोडे पोट फुगवून धरतात. बुटाला टाच हवी, म्हणजे पाय रिकिबीतून, म्हणजे खोगिराच्या पाय ठेवायच्या कडीतून, आरपार जात नाही.

सराव करूनही ती फळीवर पाय ठेवत नसेल, किंवा पूर्वी चढायची आणि आता अचानक थांबली असेल, तर पशुवैद्याकडून पाठ आणि पाय तपासून घ्या.